चिंच घरी ठेवून या

आम्ही पुण्याच्या कसब्यात राहायचो. तांबट आळी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हातोडीच्या ठोक्यांवरच आमची सकाळ व्हायची. सणवार जवळ आला की घरातली तांब्या-पितळेची भांडी अंगणात निघायची. आई चिंचेचा कोळ, मीठ आणि राख घेऊन बसायची आणि आम्ही पोरं नारळाच्या शेंडीने घासत सुटायचो. पुढे तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा थर कसा विरघळवतं, हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल!

म्हणून निवृत्तीनंतर मुलाकडे पेनसिल्व्हेनियात आले आणि गेटिसबर्गच्या रणभूमीवर ब्राँझच्या जुन्या पाट्यांच्या देखभालीसाठी स्वयंसेवक हवेत असं कळलं, तेव्हा बेधडक नाव दिलं. म्हटलं, हे तर हातचं काम.

१ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत इथे अमेरिकेच्या यादवी युद्धातली सर्वांत रक्तरंजित लढाई झाली. मेलेले, जखमी, बेपत्ता आणि पकडलेले मिळून दोन्हीकडची सुमारे ५१ हजार माणसं कामी आली किंवा कामातून गेली. १८९५ साली अमेरिकी काँग्रेसने या जागेचं राष्ट्रीय उद्यान केलं. आज शेतं, टेकड्या आणि दगडी कुंपणं यांच्यामध्ये तेराशेहून अधिक स्मारकं आणि खुणेच्या पाट्या उभ्या आहेत. त्यातलं ब्राँझ शंभर-सव्वाशे वर्षं ऊन, पाऊस, बर्फ सोसत आलं आहे.

पाच उन्हाळे मी तिथे बादली आणि ब्रश घेऊन गेले. जे शिकले ते असं.

१. आधी वाचा, मग बादली भरा

पहिल्या दिवशी ज्या अनुभवी कारागिराच्या हाताखाली मला दिलं, त्याला मी मनातल्या मनात मुकादम म्हणते. त्याने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाला, “ही पाटी मोठ्याने वाचून दाखवा.” मला शाळेची आठवण झाली, फक्त बाकाच्या उलट्या बाजूला बसल्यासारखं वाटलं. कुठली ब्रिगेड, तिचा सेनापती कोण, कुठल्या दिवशी किती वाजता ती इथे आली, कुठे सरकली, किती माणसं गमावली, एवढंच त्यात होतं. शूर, थोर, भ्याड असला एकही शब्द नाही. पाट्या लावणाऱ्या जुन्या आयोगाचा दंडकच होता, ना स्तुती, ना निंदा.

वाचता वाचता दोन गोष्टी कळल्या. एक, अक्षरं उठावाची आहेत, म्हणजे ब्रशाचा मार पहिल्यांदा त्यांनाच बसणार. दुसरी, ब्रिगेडच्या पाटीचा ग्रॅनाइटचा चौथरा चौकोनी असेल तर ती उत्तरेच्या सैन्याची, गोल असेल तर दक्षिणेच्या. लांबूनही बाजू कळावी म्हणून केलेली ही सोय. जे वाचलंच नाही ते पुसायला घेतलं, तर आपण काय पुसतोय ते कळत नाही.

२. हिरवं म्हणजे घाण नव्हे, पण प्रत्येक हिरवं सारखंही नव्हे

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, आपल्या काशाचंच भावंड. उघड्यावर ठेवलं की आधी तांबूस-तपकिरी थर धरतं, हा तांब्याचा ऑक्साइड. मग हवेतला गंधकाचा धूर आणि पाऊस मिळून त्यावर हिरवा थर चढवतात. हा हिरवा बहुतांशी तांब्याचा एक सल्फेट असतो, मोरचुदाचा चुलतभाऊ म्हणा. दगडी कोळसा जाळणाऱ्या या भागात गंधकाच्या धुराला तोटा नव्हता. १९९० साली कायदा कडक झाला आणि आम्लपाऊस हळूहळू कमी झाला, पण आधीच्या शतकाचा हिशेब पाटीवर लिहिलेला आहेच.

पुतळ्याजवळ जाऊन पाहा. टोपीचा माथा, खांदे, घोड्याची पाठ, जिथे पावसाची धार थेट बसते तिथे फिका हिरवा रंग असतो. हनुवटीखाली, काखेत, जिथे पाणी पोचत नाही तिथे काळं कवच धरतं. दोन्हींच्या सीमेवर ओघळ उतरलेले असतात. मुकादमाने मला एक साधी परीक्षा शिकवली. बोट ओलं करून हलकेच फिरवायचं. घट्ट, गुळगुळीत, बोटाला न लागणारा हिरवा थर धातूचं पांघरूण असतो, त्याच्या वाटेला जायचं नाही. फिकट, भुसभुशीत पूड बोटाला लागली, की गाडं बिघडलं. त्यातही मिठातला क्लोराइड आत शिरलेला असेल तर तो आतल्या आत धातू खात राहतो. त्याला तज्ज्ञच हवा, आपण फक्त जागा दाखवून बाजूला व्हायचं.

३. चिंच घरी ठेवून या

ही चूक माझी. दुसऱ्याच आठवड्यात मी भारतीय दुकानातून चिंच घेऊन गेले. नशीब, पाटीवर हात टाकण्याआधी मुकादमाला दाखवली. त्याने सरावासाठी ठेवलेला ब्राँझचा भंगार तुकडा पुढे केला. मी कोळ लावला, मीठ टाकलं, घासलं. पाच मिनिटांत तो गुलाबी-सोनेरी झाला आणि मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. तुकडा पत्र्याच्या छपरावर पावसात ठेवून दिला. तीन आठवड्यांनी त्यावर काळे-तपकिरी चट्टे उठले होते, कडेला ताजा हिरवा रंग फुटला होता. शंभर वर्षांत जमलेलं पांघरूण मी पाच मिनिटांत ओढून काढलं होतं आणि उघडा पडलेला धातू पुन्हा पहिल्यापासून झिजायला लागला होता.

घरच्या तांब्याला हे चालतं, कारण तो दर सणाला घासायचाच असतो, आणि झिजला तर नवा येतो. पाटी नवी येत नाही. जवळच्याच एका गावात चौकातली पाटी कुणीतरी उत्साहाने वर्षानुवर्षं यंत्रावर घासून चकचकीत ठेवली होती. लांबून डोळे दिपत होते. जवळ गेल्यावर मात्र चाचपडायला होत होतं. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या.

शिकलेली माणसंही यात चुकली आहेत. साधारण १९७०–८०च्या दशकांत ठिकठिकाणच्या ब्राँझच्या पुतळ्यांवर काचेचे बारीक मणी किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाने मारून ते साफ करायची पद्धत होती. पुढे लक्षात आलं, की त्यात हिरव्याबरोबर वरचा कसबी हातही निघून जातो. म्हणून या कामात जुन्या लोकांना हसू नये. आपल्यालाही पुढचे कुणी हसणार आहेत. निदान आपलं केलेलं त्यांना पुसून काढता येईल, एवढी सोय ठेवावी.

४. अर्धं काम पाणी करतं

आधी पाटीखालचा दगड भिजवायचा. कोरडा दगड पाण्यासाठी आसुसलेला असतो, आणि पहिलं घाणेरडं हिरवं पाणी प्यायला तर तो डाग वर्षानुवर्षं जात नाही. दगड भिजून तृप्त झाला की मग ब्राँझकडे वळायचं. साबण सौम्य, ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी, बादलीभर पाण्यात थोडासाच. ब्रश नैसर्गिक केसांचा, मऊ. तारेचा ब्रश तर आवारातही आणायचा नाही, कारण त्याचे लोखंडी कण धातूत रुततात आणि पुढच्या पावसात पाटीवर गंजाचे ठिपके उमटतात.

अमोनिया असलेलं कुठलंही द्रावण वर्ज्य. याचं कारण मी वर्गात दरवर्षी दाखवत असे. तांब्याच्या निळसर द्रावणात अमोनिया ओतला की ते असं गर्द निळं होतं, की मागच्या बाकावरचे झोपाळूही मान वर करत. ती निळाई म्हणजे तांबं द्रावणात निघून चालल्याची खूण. वर्गात ते सुंदर दिसायचं, पाटीवर नको.

धुताना काय काय निघतं! कोळ्यांची जाळी, गांधीलमाशीची मातीची घरं, पक्ष्यांची विष्ठा, ‘ओ’ अक्षराच्या पोटात बसलेलं शेवाळ. अक्षरांचे कोपरे बांबूच्या काडीने काढायचे, धातूच्या टोकाने नाही. काही पाट्यांना नुसतं धुतल्यावर पुढे फार काही करावंच लागलं नाही.

५. मेण म्हणजे इथली कल्हई

हे काम मी स्वतः करत नाही, कारण ज्योत फक्त शिकलेल्या माणसाच्या हातात. पण इतक्यांदा पाहिलं, की डोळे मिटूनही सांगेन.

सकाळचं दव पूर्ण उडून गेल्यावर, वारा नसलेल्या दिवशी, मुकादम गॅसची ज्योत पाटीवरून सतत हलती ठेवून फिरवतो. एका जागी थांबला तर धातू करपतो. सुरुवातीला पाटीवर धुक्यासारखी ओल उमटते आणि नाहीशी होते. त्याबरोबर रंध्रांत दडलेली ओलही उडते. ती आत ठेवून वर मेण लावणं म्हणजे ओल्या जखमेवर पट्टी बांधणं. ब्राँझ पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपास तापलं की ब्रशाने मेण लावायचं. पेट्रोलियमपासून काढलेलं, अगदी सूक्ष्म स्फटिकांचं हे मेण तापल्या धातूवर टेकताच वितळतं आणि आत शिरतं. आणि त्या क्षणी रंग पालटतो. खडूसारखा फिकट हिरवा डोळ्यांदेखत गडद होत जातो, खाली तपकिरी झाक जागी होते आणि मघापर्यंत न दिसलेलं एखादं नाव वर येतं. गार झाल्यावर दुसरा पातळ हात, मग सुती फडक्याने चोळायचं.

हे कायमचं नसतं. पाऊस आणि ऊन मेण खातात, म्हणून वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा धुऊन नवा हात द्यावा लागतो. पहिल्यांदा हे ऐकून मी जरा हिरमुसले. मग आठवलं, आमच्याकडे कल्हईवाला दरवर्षी यायचा. भात्याने निखारे फुलवायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. कल्हई गेली की ताक कळकायचं, म्हणून तो यायच्या वाटेकडे सगळे डोळे लावून असायचे. ती कल्हई झिजायची म्हणून भांडं टिकायचं. इथे मेण झिजतं.

६. पाटीपेक्षा तिचा बोल्ट आधी पाहा

देखभालीत सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे बोल्ट, चकत्या, कड्या, बिजागऱ्या. ब्राँझच्या पाटीला कुणी हाताशी होता म्हणून लोखंडी बोल्ट ठोकला, की पावसाच्या पाण्यात दोन धातूंचा विद्युतघट तयार होतो. आठवीच्या पुस्तकात असतो तसाच. त्यात लोखंड स्वतः विरघळतं, दगडावर तांबडा ओघळ सोडतं आणि एक दिवस सगळी पाटी ढिली होते. जुन्या कारागिरांनी बोल्टही ब्राँझचेच वापरले आणि त्यांच्या डोक्यावर फुलांच्या आकाराच्या टोप्या बसवल्या, ते उगाच नाही.

पोकळ पुतळ्यांच्या पायाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती पानांनी, मातीने बुजली की आत पाणी साठतं. इथल्या हिवाळ्यात त्याचं बर्फ होतं, बर्फ होताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, आणि ब्राँझलाही चीर जाते. एका सकाळी मी अशा भोकातून काडीने कचरा काढला, तर कपभर काळं पाणी भळभळ बाहेर आलं. त्या दिवशी मी एकही अक्षर उजळलं नाही, तरी ते माझं त्या उन्हाळ्यातलं सर्वांत उपयोगी काम होतं.

७. तोफेच्या तोंडात डोकावा

गेटिसबर्गच्या हिरव्या पडलेल्या तोफा बहुतेक ‘नेपोलियन’ म्हणून ओळखल्या जातात. १८५७ सालच्या नमुन्याच्या, बारा पौंडी गोळा फेकणाऱ्या, नळीचं वजन बाराशे पौंडांच्या आसपास. शंभरात सुमारे नव्वद भाग तांबं आणि दहा भाग कथील. तोंडाच्या कडेवर बारीक अक्षरांत ओतशाळेचं नाव, साल, क्रमांक, वजन आणि तपासनिसाची आद्याक्षरं ठोकलेली असतात. तोफेचा जन्मदाखलाच तो. जोरात घासलं तर सगळ्यात आधी तोच जातो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी फोटो, माप, नोंद. काम संपल्यावर पुन्हा फोटो. वहीत तारीख, हवामान, काय लावलं, किती लावलं. पुढच्या माणसाला हाच वारसा.

शेजारीच दुसरा धडा उभा असतो. तोफेचा गाडा लाकडी वाटला तरी लोखंडी असतो. लाकूड कुजतं म्हणून उद्यानाने ओतीव लोखंडाचे गाडे बसवले, आणि ते गेटिसबर्गच्याच कॅल्विन गिल्बर्ट यांच्या ओतशाळेत घडले. लोखंडाला रंग लागतो, ब्राँझला मेण. एकाच वस्तूचे दोन धातू, दोन पथ्यं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो खरवडणं स्वयंसेवकाचं काम नव्हे.

८. लोकांच्या हातांवर रागावू नका

हाताला घाम असतो, घामात मीठ असतं, मीठ ब्राँझचा शत्रू. हे सगळं खरं. तरी लोक स्पर्श करतातच. आपल्याकडे शंकराच्या देवळातला नंदी पाहा ना, शिंगांमधली जागा कशी चकाकते.

इथल्या पेनसिल्व्हेनिया स्मारकाभोवती ब्राँझच्या पाट्यांवर या राज्याच्या ३४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं आहेत. एकदा एक म्हातारे गृहस्थ रेजिमेंट शोधत, मग कंपनी शोधत, बोटाने ओळी मोजत खाली आले आणि एका नावावर बोट ठेवून थांबले. सोबतच्या नातीला त्यांनी तिचंही बोट तिथे ठेवायला लावलं. मी फडकं घेऊन शेजारीच उभी होते. नियमाने हटकायला हवं होतं की नाही, माहीत नाही. मी हटकलं नाही. ते गेल्यावर तेवढी ओळ पुसून घेतली. पाटी टिकवायची कशासाठी, हे मला त्या दिवशी जितकं कळलं तितकं कुठल्या प्रशिक्षणात कळलं नव्हतं.

९. ‘तुमचा काय संबंध?’ याचं उत्तर तयार ठेवा

हा प्रश्न तिथले लोक कमी आणि आपले लोक जास्त विचारतात. मीही गोल चौथऱ्यापाशी गुडघे टेकून बसले की स्वतःला विचारायचे. दक्षिणेची राज्यं गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघाली होती. त्यांच्या सैन्याची पाटी मी का धुवावी?

उत्तर मला पुण्याकडूनच मिळालं. या लढाईनंतर दहाच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ते पुस्तक अर्पण केलं ते गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. इथे या टेकड्यांवर काय पणाला लागलं होतं, ते पुण्यात बसलेल्या त्या माणसाला नेमकं कळलं होतं. मग त्या हिशेबाचं एक पान मी पुसट होऊ द्यावं का? गोल चौथऱ्यावरची पाटी कुणाचा गौरव करत नाही, कोण कुठे उभं होतं तेवढं सांगते. कोण कुठे उभं होतं हे पुसलं गेलं, की पुढे सगळेच म्हणतात, आम्ही बरोबर बाजूलाच होतो. म्हणून मी दोन्ही चौथरे एकाच पाण्याने धुते.

१०. झालेलं काम उठून दिसू नये

पहिल्या उन्हाळ्यात मी घरी फोटो पाठवला, तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, “अगं ताई, काही फरकच दिसत नाहीये!” मला वाईट वाटलं. आता तीच मला पावती वाटते. पाटी नवी दिसायला नकोय, वाचता यायला हवी आहे. एखादी गाडी हळू होते, काच खाली येते, कुणीतरी आतून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं आणि पुढे जातं. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप.

आता तुमच्यासाठी. तुमच्या गावातही शाळेच्या दारात, पुलाच्या कठड्यावर, चौकातल्या पुतळ्याखाली एखादी ब्राँझची किंवा पितळी पाटी असेल. जयंतीच्या आदल्या दिवशी तिला सोनेरी ऑइलपेंट फासू नका, त्याने अक्षरं बुजतात. पुतळ्यावर दूध ओतण्यामागचा भाव मला कळतो, पण दूध आंबतं, आणि आंबलेलं दूध धातूशी तेच करतं जे माझ्या चिंचेने केलं. त्याऐवजी साधं पाणी, मऊ ब्रश आणि सुती फडकं घेऊन जा. आधी फोटो काढा. ती पाटी सोबतच्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. मग धुवा, पुसा आणि घरी या.